झाकणावरची नक्षी आणि आतले खण

जुन्या वस्तूंच्या बाजारात लाकडाची एखादी लहान, नक्षीदार, झाकणाची पेटी हातात घेऊन 'ही कशाची?' असे विचारले, तर उत्तर बहुधा ठरलेले असते : 'दागिन्यांची पेटी.' मग ती पेटी शिसवी असो, चंदनी असो की सागवानी. तिच्यात आरसा असो किंवा नसो. आत चार खण असोत, नाहीतर एकच सपाट पोकळी. थोडी खोलगट आणि जास्त खणांची असली, तर ती 'मसाल्याची पेटी' होते. पितळी आणि जाळीदार असली, तर 'मुघल धाटणीचा डबा' म्हणून दिवाणखान्यातल्या टीपॉयवर जाते. जुन्या पेट्या विकत घेऊन घर सजवण्याची हौस आज वाढली आहे, ही गोष्ट वाईट नाही. हौसेमुळेच कितीतरी वस्तू भंगारातून आणि चुलीतून वाचल्या. पण वस्तू वाचली म्हणजे तिचा अर्थ वाचला, असे नाही. दोन-तीन लेबले सगळ्या पेट्यांना पुरू लागली, की त्या पेट्या ज्यांच्या हातांनी उघडल्या-मिटल्या त्या माणसांचे काय होते, हा या लेखाचा विषय आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : आपण जुनी पेटी बाहेरून वाचतो, म्हणजे झाकणावरची नक्षी, लाकडाची जात, पितळी कोपरे पाहून. पेटीची खरी मांडणी मात्र आत असते. कोणत्या वस्तूला किती जागा दिली, कोणती वर, कोणती खाली, कुलूप कशाला आणि उघडे काय, हे कारागिराने ठरवलेले नसते. ते घराने आणि समाजाने ठरवलेले असते, कारागीर ते लाकडात उतरवतो. म्हणून पेटीची समीक्षा करायची तर ती खणांपासून सुरू झाली पाहिजे. ही गोष्ट तीन पेट्यांवरून तपासता येईल : मुंबईत बनून परदेशी घरांत गेलेली सादेली कामाची पेटी, आपल्या ओटी-माजघरातला पानाचा डबा आणि बायकांची फणेरपेटी.

शब्दांची साक्ष

आधी भाषेकडे पाहू. इंग्रजीतला 'बॉक्स' हा एक शब्द जिथे काम भागवतो, तिथे मराठीला कितीतरी शब्द लागतात. डबी, डबा, करंडा, कुयरी, पेटी, पेटारा, संदूक, चुनाळे, अत्तरदाणी, पंचपाळे. हे समानार्थी शब्द नाहीत. कुयरीत हळदकुंकूच असते आणि ती आंब्याच्या किंवा कोयीच्या आकाराची असते. पंचपाळ्याच्या वाट्यांत हळद, कुंकू, गुलाल, बुक्का, अक्षता अशी पूजेची द्रव्ये असतात. चुनाळ्यात चुन्याखेरीज काही ठेवायचे नसते, कारण चुना लागलेल्या भांड्यात दुसरे काही टिकत नाही. पेटारा म्हटला की तो खोल, अंधारा आणि अठरापगड वस्तूंनी भरलेला हवा. शब्दाबरोबर आकार येतो, आकाराबरोबर वापर येतो आणि वापराबरोबर माणूस येतो. 'दागिन्यांची पेटी' हे नाव या सगळ्यांच्या डोक्यावर बसले, की त्यांच्यातला फरक बोलण्यातून जातो आणि मग पाहण्यातूनही जातो.

यांतल्या करंड्याचे वय मोठे आहे. संस्कृत 'करण्डक' हे त्याचे मूळ. साधारणतः इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला मानल्या जाणाऱ्या वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरकाच्या शयनगृहाचे वर्णन येते. त्यात उटणे, माळा, विडे यांच्याबरोबर 'सिक्थकरण्डक' म्हणजे मेणाची डबी आणि 'सौगन्धिकपुटिका' म्हणजे सुगंधी द्रव्याची पुडी किंवा डबी यांची नोंद आहे. नागरक ओठांना अळता लावी आणि त्यावर मेण. आपल्या फणेरपेटीतही मेणाची डबी आहेच, पण तिथले मेण कपाळासाठी : आधी मेणाचा ठिपका, त्यावर कोरडे कुंकू. डबी तीच, द्रव्य तेच. मात्र ते पुरुषाच्या ओठांवरून सुवासिनीच्या कपाळावर आले, आणि शृंगाराचे साधन सौभाग्याचे लक्षण झाले. एवढे मोठे सामाजिक स्थित्यंतर एका अंगठ्याएवढ्या डबीत मावते.

प्रसाधनाची पात्रे चित्र-शिल्पांतही आहेत. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातल्या प्रसिद्ध प्रसाधनचित्रात राणी आरशात पाहते आहे आणि शेजारची दासी तबक घेऊन उभी आहे. पॉम्पेईच्या अवशेषांत १९३८ साली जी भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, तिच्या दोन बाजूंच्या दासींच्या हातांतही प्रसाधनाची पात्रे आहेत. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेले. म्हणजे मूर्ती त्याआधीची. मराठवाड्यात भोकरदन आणि तेर येथे मिळालेल्या हस्तिदंती मूर्तींशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. पात्र जिच्या हातात आहे ती दासी आहे, आणि पात्रातले द्रव्य जिच्यासाठी आहे ती दुसरी. पेटीबद्दल बोलताना 'ती कोणाची' आणि 'ती कोण उचलत असे' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, याची ही जुनी आठवण.

मुंबईची पेटी, परक्या घरातली

एकोणिसाव्या शतकात 'बॉम्बे बॉक्स' या नावाने ओळखल्या गेलेल्या पेट्या जगातल्या लिलावांत आजही दिसतात. चंदनाच्या पेटीवर बसवलेल्या, डोळ्याला क्षणभर भूल पाडणाऱ्या बारीक ताऱ्या-षटकोनांच्या नक्षीला 'सादेली' म्हणतात. हे काम इराणातल्या शिराझहून सिंधमार्गे सुरतेला आणि तिथून मुंबईला आले, अशी परंपरा सांगतात. शिराझची 'खातम'कारी आणि सादेली शेजारी ठेवली तर नाते लपत नाही. सुरत-मुंबईत हा व्यवसाय मुख्यतः पारशी कारागिरांकडे होता. 'पेटीगरा' हे पारशी आडनाव म्हणजे पेटी घडवणारा.

सादेलीची रीत समजली की तिच्याकडे पाहण्याची नजर बदलते. ही नक्षी कोरलेली नाही, रंगवलेली नाही, आणि एकेक तुकडा चिकटवून भरलेलीही नाही. हस्तिदंत, आबनूस, पतंगाचे तांबडे लाकूड, हिरवे रंगवलेले शिंग किंवा हाड आणि कथिल यांच्या लांब, बारीक, बहुधा त्रिकोणी छेदाच्या काड्या करायच्या. त्या ठरलेल्या क्रमाने एकत्र जुळवून सरसाने जुडी बांधायची. जुडी वाळली, की भाजीची जुडी आडवी चिरावी तशी ती आडवी कापायची. प्रत्येक कापात तेच तारे, तेच षटकोन. या पातळ चकत्या आणि पट्ट्या पेटीच्या पृष्ठभागावर चिकटवून घासून गुळगुळीत करायच्या. म्हणजे कारागिराची कल्पकता काड्या रचतानाच संपते, पुढे पुनरावृत्ती असते. एका जुडीतून कितीतरी पेट्यांची नक्षी निघते. हाताने केलेले हे काम छापखान्याच्या तर्काने चालते, आणि म्हणूनच ते निर्यातीला सोयीचे ठरले.

१८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात हिंदुस्थानच्या विभागात या कामाचे नमुने होते. मुंबईच्या संग्रहालयाशी निकटचा संबंध असलेल्या जॉर्ज बर्डवूडने १८८० साली हिंदुस्थानच्या उद्योगकलांवर जो ग्रंथ लिहिला, त्यातही या पेट्यांना स्थान मिळाले. मुंबई इलाख्यात १८६२ साली आलेल्या उत्तर कानडा जिल्ह्यातले, कुमठा-होन्नावर भागातले गुडिगार हे चंदनावर कोरीव काम करणारे कारागीर. त्यांच्या कोरीव चंदनाच्या पाट्या आणि सादेलीच्या किनारी एकाच पेटीवर आलेल्याही दिसतात. झाकणावर देव, वेली, पशुपक्षी. कडेला शिराझचे तारे. वरून पाहणाऱ्याला वाटावे, की हिंदुस्थान म्हणतात तो हाच.

आता झाकण उघडू. आत काय असते? दोऱ्याच्या रिळांसाठी खाचा, अंगुस्तानासाठी गोल खळगा, सुयांची लहान डबी, टाचण्या खोचायची गादी, मापाची फीत, रेशीम गुंडाळायच्या चकत्या. वर उचलून काढायचे तबक आणि त्याखाली अर्धवट भरतकामासाठी मोकळी जागा. दुसऱ्या जातीच्या पेट्यांत उतरती लिहिण्याची पाटी, दौतीचा खण, टाकांची खाच. इतर काही पत्ते, हातमोजे किंवा भेटकार्डे ठेवायच्या. पेटीचा एकूण घाटही, म्हणजे खाली निमुळत्या बाजू, वर चढते झाकण, चार लहान पाय, इंग्लंडातल्या तेव्हाच्या फर्निचरचा. लाकूड आपले, हात आपले, नक्षी शिराझ-सुरतेची; पण खण इंग्रज बाईच्या दिवसाचे. सकाळी पत्रे, दुपारी भरतकाम, संध्याकाळी पत्ते.

म्हणून या पेटीला 'भारतीय दागिन्यांची पेटी' म्हणणे दुहेरी चूक आहे. ती दागिन्यांची नव्हती, आणि आतून ती भारतीयही नव्हती. यात कारागिराचा कमीपणा काहीच नाही. उलट ज्या घरात आपण कधी पाऊल टाकणार नाही, त्या घरातल्या बाईच्या सुईची लांबी आणि बोटाची जाडी त्याला अचूक माहीत होती. पण कला म्हणून पाहायचे झाले, तर मला या पेट्यांत एक उतार दिसतो. चांगल्या पेटीत चंदनाची मोकळी, साधी जागा मोठी असते आणि सादेली किनारीपुरती येते. चंदनाला वास आहे, रंग आहे, त्याला बोलू दिलेले असते. मागणी वाढल्यावरच्या पेट्यांत तसूभर जागा मोकळी सुटत नाही. काड्या जाड होतात, तारे ठोकळ दिसतात, आणि बाहेरून डोळे दिपवणारी पेटी आत मात्र कागद किंवा मखमल चिकटवून घाईने उरकलेली असते. बाजाराने बाहेरचे मागितले आणि बाहेरचे मिळाले.

पानाचा डबा : नक्षीचे कारण

याच्या उलट टोकाला आपल्या घरातला पानाचा डबा. त्यावर फार लिहायला नको, कारण अजून तो अनेकांनी पाहिला आहे. पण दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. पहिली त्याच्या जाळीची. जुन्या पितळी डब्यांच्या बाजूंना जाळी असते. आज ती शोभा म्हणून विकली जाते, आत दिवा लावून डब्याचा कंदील करणारेही आहेत. पण ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने बंद डब्यात घुसमटून कुजतात, म्हणून हवा खेळायला ती जाळी. कारागिराने भोके तर पाडायचीच होती, ती त्याने मोर आणि वेली यांच्या आकारात पाडली. नक्षीला कारण होते, आणि कारण असलेली नक्षी सहसा ओंगळ होत नाही.

दुसरी गोष्ट आतल्या तबकाची. वरच्या तबकात चुना, कात, सुपारी, लवंग, वेलदोडा, जायपत्री यांचे खण किंवा डब्या. खाली पाने आणि अडकित्ता. डबा उघडला की तो चारजणांच्या मध्ये ठेवायचा असतो. म्हणून तो सगळीकडून सारखाच देखणा असतो, त्याला पाठ नसते. कुलूप बहुधा नसते. ही बैठकीची वस्तू, आणि मुख्यतः पुरुषांच्या बैठकीची. जरी विडा लावणारा हात पुष्कळदा बाईचा असला तरी. बिदरी कामाच्या पानदानांत हाच घाट दरबारी होतो. जस्त आणि थोडे तांबे यांच्या मिश्रधातूवर चांदी जडवायची, आणि बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर वापरून धातू काळा करायचा. चांदी मात्र उजळ राहते. घरातला पितळी डबा आणि दरबारातले बिदरी पानदान यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर, पण खणांची यादी जवळजवळ एकच. एका समाजातल्या गरीब-श्रीमंतांत काय सामाईक होते, ते इथे आतून पाहिल्याशिवाय कळत नाही.

फणेरपेटी

आता तिसरी पेटी. फणेरपेटी बाहेरून बहुधा साधी असते. शिसवी किंवा सागवानी लाकूड, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, समोर कोयंडा, फार तर झाकणावर एखादे कोरलेले कमळ किंवा पितळी फुल्या. बाजारात सादेलीच्या पेटीशेजारी ती उभी राहत नाही. झाकण उघडले, की आतल्या बाजूला आरसा. तो तिरपा उभा राहावा अशी व्यवस्था असते. खाली खण : फणीचा लांबट, कुंकवाच्या करंड्याचा गोल, मेणाच्या आणि काजळाच्या डबीचे लहान. तेलाच्या बुधलीची जागा, आगवळाची जागा. पुष्कळ पेट्यांत खालच्या बाजूला एक खण, आणि काहींत चोरकप्पा.

पेटी जमिनीवर ठेवायची आणि तिच्यापुढे मांडी घालून बसायचे, अशी तिची उंची असते. आरशाचा कोन जमिनीवर बसलेल्या बाईच्या चेहऱ्याचा असतो. म्हणूनच आज ती टेबलावर ठेवली, की आरशात छत दिसते. एवढ्या एका गोष्टीवरून खुर्ची-टेबलाच्या आधीचे घर समोर उभे राहते. आरशाची सपाट काच तेव्हा मोठ्या प्रमाणावर परदेशातून येई. म्हणजे ही अगदी घरगुती वाटणारी वस्तूही जगाच्या व्यापाराशी जोडलेली होतीच, मात्र तिने परदेशाकडून काच घेतली, खण घेतले नाहीत.

एकत्र कुटुंबातल्या बाईच्या मालकीचे घरात काय होते, याचा हिशोब केला तर तो फार लांबत नाही. खोली तिची नव्हती, कपाट नव्हते, दागिने तिच्या अंगावर असले तरी वेळप्रसंगी सासरच्या अडचणीला उपयोगी पडत. स्त्रीधन ही कल्पना धर्मशास्त्रात होती, पण तिला घरात जागा किती होती? मला वाटते, पुष्कळ घरांत ती जागा एक हात लांब नि वीतभर उंच होती. फणेरपेटी माहेरून आलेली असे, तिच्यात दुसऱ्याने हात घालायचा नसे. चोरकप्प्यात काय असे? एखादा मोडका दागिना, माहेरचे पत्र, साठवलेली नाणी, गंडा, वाळलेले फूल. मराठीत 'डबोले' म्हणजे गाठीला बांधलेली शिल्लक. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' म्हणतात, ती मूठ उघडून ठेवायची ही एवढीच जागा.

पण याच पेटीची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. तिच्या मध्यभागी कुंकवाचा करंडा आहे. सबंध पेटीची मांडणी त्याच्याभोवती आहे : मेण त्याच्यासाठी, आरसा त्याच्यासाठी. नवरा गेला, की या पेटीचे जवळजवळ सगळे खण एका दिवसात निरर्थक होत. कुंकू नाही, काजळ नाही. ज्या घरांत केशवपनाची चाल होती तिथे फणीही नाही, आगवळही नाही. आरशात पाहणे हेही मग वर्ज्य. जी एकमेव पेटी बाईची होती, ती नवऱ्याच्या आयुष्याच्या बोलीवर तिची होती. आज आपण ती उघडून 'किती सुंदर' म्हणतो तेव्हा, ती कोणासाठी किती वर्षे उघडी राहिली आणि कधी मिटली, हा प्रश्न त्या सौंदर्याच्या आतच आहे. तो बाहेरून चिकटवलेला नाही.

इथे इंग्रज बाईची शिवणपेटी आणि मराठी बाईची फणेरपेटी शेजारी ठेवून पाहाव्यात. दोन्हींना खण आहेत, तबक आहे, कुलूप आहे. दोन्ही एका बाईच्या. पहिलीत काम आहे, रिकाम्या वेळेला शोभेल असे काम. दुसरीत चिन्ह आहे. पहिलीचा समाज बाईला म्हणतो, हात रिकामे ठेवू नकोस. दुसरीचा म्हणतो, कपाळ रिकामे ठेवू नकोस. दोन्ही समाजांनी बाईला स्वतःची म्हणून जी जागा दिली, तिच्यात काय भरायचे तेही आधीच कापून-कोरून दिले. चोरकप्पा तेवढा बिननावाचा राहिला. मला या सगळ्या पेट्यांतला तो सर्वांत प्रामाणिक खण वाटतो.

पॉलिश, कायदा आणि लेबल

मग आज या पेट्यांचे काय होते? भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार सर्वसाधारणपणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू 'पुरावस्तू' ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. शंभरीच्या आतली वस्तू नुसती जुनी, बाजाराच्या भाषेत 'व्हिंटेज'. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या राजा रविवर्मा छापखान्याने घरोघरी पोचवलेल्या धाटणीची देवदेवतांची चित्रे असलेले पत्र्याचे डबे या दुसऱ्या वर्गात येतात. त्यांचेही आता संग्राहक आहेत. हस्तिदंताची गोष्ट वेगळी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ साली दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली, आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या हस्तिदंताचाही मार्ग बंद झाला. हत्तींच्या बाजूने हे व्हायलाच हवे होते. सादेलीच्या नवीन कामात हस्तिदंताची जागा पर्यायी साहित्याने घेतली. जुनी सादेली पेटी मात्र त्यामुळे अशी वस्तू झाली, की जिच्या सौंदर्याची किंमत कोणीतरी आधीच चुकवलेली आहे आणि तो हिशोब झाकणावरच लिहिलेला आहे.

कायदा वस्तूचे वय मोजतो. बाजार तिचा चकचकीतपणा मोजतो. कुंकवाने तांबडी झालेली खणाची लाकडी तळाशी, तेलाने काळवंडलेली कड, वर्षानुवर्षे एकाच जागी अंगठा लागून झिजलेला कोयंड्याचा भाग, हे सगळे बाजाराच्या लेखी डाग. ते घासून, तासून, रोगण चढवून पेटी 'नवी जुनी' केली जाते. फुटका, पारा उडालेला आरसा काढून नवा बसवतात. मोडके खण उपटून आत लाल मखमल लावतात, की झाली दागिन्यांची पेटी. म्हणजे जे लेबल चुकीचे होते, ते खरे करण्यासाठी वस्तूच बदलली जाते. वास्तविक मसाल्याची पेटी आणि कुंकवाची पेटी यांतला फरक सांगणारा पुरावा तो डागच असतो. हळद-मसाल्याचा तेलकट पिवळा डाग आणि कुंकवाचा कोरडा तांबडा डाग एकसारखे मुरत नाहीत. स्क्रूची टोके बोथट आहेत की अणकुचीदार, यावरूनही काळाचा अंदाज येतो, कारण अणकुचीदार टोकाचे यंत्रावरचे स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून रुळले. तेही दुरुस्तीत बदलले जातात.

संग्रहालयांची गोष्ट याहून बरी, पण पूर्ण समाधानाची नाही. पुण्यात कवी 'अज्ञातवासी' म्हणजे दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास रोजच्या वापरातल्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, दौती यांनाही संग्रहात स्थान असते, हे त्यांनी मराठी माणसाला दाखवले. हजारो वस्तूंचा तो संग्रह १९७५ साली त्यांनी राज्य सरकारच्या स्वाधीन केला, आणि अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने तो राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणून उभा आहे. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली खुले झाले ते उद्योगकलांचे नमुने दाखवण्यासाठी. दोन्हींच्या मागची दृष्टी वेगळी : एकीत वस्तू प्रदर्शनाचा नमुना आहे, दुसरीत घरातून आलेली सोबतीण. पण एकूण आपल्या संग्रहालयांची सवय अशी, की पेटी काचेआड बंद असते, नाहीतर अर्धवट उघडी, आणि खाली चिठ्ठी : 'लाकूड, पितळ. एकोणिसावे शतक.' खण कशाचे, पेटी कोणाच्या घरची, तिच्यापुढे कोण बसे, हे चिठ्ठीत नसते. वस्तू मिळवताना विचारले असते तर ते बहुधा कळले असते, कारण विकणारी व्यक्ती त्या बाईची सून किंवा नात असते.

एक आक्षेप

यावर कोणी म्हणेल, की वस्तूंचा वापर बदलतोच. फणेरपेटीत आता औषधाच्या गोळ्या ठेवल्या, पानाच्या डब्यात चहाच्या पुड्या ठेवल्या, तर बिघडले काय? काहीच बिघडले नाही. आपल्या घरांत वस्तू टाकून देण्याची रीतच नव्हती. बिस्किटांचा चित्रमय डबा रिकामा झाला की त्यात सुई-दोरा आणि बटणे जात, आणि पुढच्या पिढीतल्या मुलांची त्यावरून फजिती होई. वापर बदलणे म्हणजे वस्तू जिवंत असणे. आक्षेप वापर बदलण्याला नाही, आधीचा वापर पुसण्याला आहे. बिस्किटाच्या डब्यावरचे चित्र कोणी तासून काढत नव्हते. आत बटणे असली तरी तो बिस्किटाचाच डबा म्हणवला जाई. फणेरपेटीत गोळ्या खुशाल ठेवाव्यात, पण तिला फणेरपेटी म्हणावे आणि कुंकवाचा डाग घासू नये, इतके माफक मागणे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. जी पेटी बाईच्या बंधनाची खूण होती, तिचा एवढा जिव्हाळा कशाला? ज्या आज्यांनी, आयांनी त्या चौकटीतून बाहेर पडण्यासाठी आयुष्य घालवले, त्यांनी पेटी मोडीत काढली असेल तर तो त्यांचा हक्क होता. हे मान्यच आहे. पण खणांसकट पेटी राहिली, तरच ते बंधन दिसते. मखमल लावलेल्या दागिन्यांच्या पेटीत ना बंधन दिसते, ना चोरकप्प्यातली सुटका. सुंदर भूतकाळ तेवढा उरतो, आणि असा निर्धोक भूतकाळ कोणत्याही काळी, कोणाच्याही वाट्याला आलेला नाही.

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत माळ्यावरून एखादी जुनी पेटी खाली आलीच, तर पॉलिशवाल्याला बोलावण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर बाईपुढे ती उघडून ठेवावी आणि एकेका खणावर बोट ठेवून विचारावे, यात काय असायचे. मिळेल ते उत्तर पेटीच्या नावासह एका कागदावर लिहून, तारीख घालून, तो कागद पेटीतच ठेवावा. कोणत्याही संग्रहालयाच्या चिठ्ठीपेक्षा ती चिठ्ठी मोलाची ठरेल. आणि तळाशी हाताला एखादी सैल फळी लागली, तर ती हलक्या हाताने उचलून पाहावी. पेटी विकायची की ठेवायची, ते त्यानंतर ठरवता येईल.